संत्र्याच्या सालीचा कोरा चहा कडू होतो? या चुका टाळा

दिवाळीच्या पुढेमागे अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडे आंबिया बहाराचा (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचा) संत्रा उतरू लागला की आमच्या घरी साली वाळत पडतात आणि कोऱ्या चहाचे दिवस सुरू होतात. पहिल्याच घोटाला 'कडू लागते' म्हणत कप बाजूला ठेवणारे पाहुणे मी पुष्कळ पाहिले. दोष संत्र्याला जातो, पण चूक बहुतेक वेळा गंजातच, म्हणजे चहाच्या पातेल्यातच, झालेली असते.

आपला हात दुधाच्या चहाला सरावलेला. पत्ती टाकायची आणि खळखळ उकळायची. दाणेदार सीटीसी (यंत्रात चुरून दाणे केलेल्या) पत्तीचा कस दोन-तीन मिनिटांत उतरतो, त्यानंतर तुरटपणा वाढत जातो. दूध तो झाकतं. कोऱ्या चहात झाकायला काहीच नसतं. म्हणून पाणी उकळलं की गंज खाली उतरवा, मग पत्ती आणि साल टाका, झाकण ठेवा, तीन मिनिटांत गाळा. झाकण हवंच, कारण संत्र्याचा वास सालीतल्या तेलाचा आणि तो वाफेबरोबर उडतो. चहा पारखणारे 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती 6 मिनिटं ठेवतात, पण ते तुलनेचं माप आहे, घरच्या कपाचं नाही.

एवढं करूनही कडू लागलं तर साल उलटी करून पाहा. आतला पांढरा थर कडू असतो, तो ओल्या सालीवरूनच चमच्याने खरवडून काढा. संत्रा सोलायच्या आधी नीट धुवा, फवारणी झालेली असते. साल सावलीत कडकडीत वाळवा. दमट राहिली तर बुरशी येते, आणि अशी साल सरळ फेकून द्या. पत्तीचा डबाही मसाल्याशेजारी नको, वास लागतो.

चहावर तवंग आणि रंग काळपट असेल तर बोअरचं जड पाणी कारण असू शकतं. एकदा आरओच्या कॅनचं पाणी वापरून बघा. लिंबाच्या चार थेंबांनी तवंग जातो, रंगही उजळतो, पण संत्रा मागे पडतो. मला ते पटत नाही.

चाखताना तोंड कोरं हवं. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाल्ल्यावर किंवा तर्री-पोह्यांनंतर काही कळत नाही. वाफाळताही पिऊ नका, जीभ पोळते, चव लपते. वेगवेगळे कोरे चहा चाखायचे तर आधी नुसत्या पत्तीचा घोट घ्या, मग संत्रा, मग गवती चहा. अद्रक आणि दालचिनी अगदी शेवटी, आणि साखर टाकायचीच तर त्याच्याही नंतर.