स्पीकरमधली खरखर: वेगळी लाइन टाकण्याआधी हे करून बघा

फ्रिज सुरू झाला की स्पीकरमध्ये ‘टक्’ होतं, किंवा सतत हमिंग (‘घूं’ असा आवाज) येतं. मग कुणीतरी सुचवतं, ऑडिओसाठी विजेची वेगळी लाइन टाका. पुण्याच्या तपकीर गल्लीत वायर आणायला जाण्याआधी ही चाचणी जरूर करा, फुकट आहे.

१. कॉम्प्युटर नीट बंद करा. अँप्लिफायर चालू ठेवा, गाणं लावू नका.
२. डीबीमधले, म्हणजे घरातल्या मुख्य वीज-पेटीतले, एमसीबी (आपोआप पडणारे सुरक्षा-स्विच) अँप्लिफायरचा सोडून एकेक करून पाडा आणि कान देऊन ऐका. एखादा पाडताच आवाज थांबला, तर त्रास त्या सर्किटवरच्या उपकरणाचा. वेगळी लाइन इथे उपयोगी पडू शकते.
३. सगळे पाडूनही हमिंग राहिलं, तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. बऱ्याचदा गुन्हेगार तीच असते, आणि नव्या लाइनने तो त्रास जाणार नाही.

लाइन टाकायचीच ठरली, तर डीबीपासून थेट २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी, आणि टर्नटेबलपासून सबवूफरपर्यंत सगळं त्याच एका लाइनवर. अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवलंत तर हमिंग उलट वाढू शकतं. घरात थ्री-फेज असेल तर एसी ज्या फेजवर आहे, तो सोडून दुसरा घ्या. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

हमिंग जावं म्हणून प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. बिघाड झाला तर अँप्लिफायरच्या पत्र्यात थेट २३० व्होल्ट येऊ शकतात.