रात्रीच्या गाडीने येणाऱ्या मुलाला पुणे स्टेशनवर घ्यायला जाताना

चौदा-पंधरा वर्षांचं मूल रात्री एकटं गाडीने येणार असेल, तर ‘स्टेशनबाहेर भेटू’ एवढ्यावर थांबू नका. पुणे स्टेशनला समोरचं मुख्य दार आहे, तसंच मागे राजा बहादूर मिल रोडच्या बाजूनेही बाहेर पडता येतं. मूल एका दारात, तुम्ही दुसऱ्या दारात आणि मधे आख्खं स्टेशन, असं सहज होतं.

त्यापेक्षा दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि थेट आत जा. ते दोन तास चालतं. डबा नंबर आधीच विचारून ठेवा. उदाहरणार्थ ‘एस ४’. फलाटावरच्या पाटीवर डबा कुठे लागणार ते दिसतं, तिथेच उभे राहा. मुलाला सांगा, ‘उतरलास की तिथेच थांब, मी येतो. जिना चढू नकोस.’ हे घरून निघण्याआधीच ठरलेलं हवं, कारण रात्रीपर्यंत मोबाइलची बॅटरी हमखास उतरलेली असते. तुमचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवायला लावा, पाठ असला तर उत्तमच.

मुंबईकडून येणाऱ्या डेक्कन क्वीनसारख्या काही गाड्या आधी शिवाजीनगरला थांबतात. कोथरूड-औंधकडच्यांना ते सोयीचं, पण थांबा छोटा असतो. सामान घेऊन मुलाने आधीच दाराजवळ यायला हवं.

गाडी कुठवर आली ते १३९ वर कळतं. प्रवासात काही अडचण आली तरी हाच नंबर, तो मुलालाही देऊन ठेवा.