रविवारच्या बहामियन नाश्त्याची शनिवार रात्रीची तयारी

बॉइल फिश, म्हणजे बटाटे-कांदा घातलेला माशाचा पातळ रस्सा, आणि बाजूला मऊसूत ग्रिट्स, असा बेत असेल तर निम्मं काम शनिवारी रात्रीच उरकून घ्या, कारण ग्रिट्स एकदा गॅसवर चढले की हात मोकळा राहतच नाही. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्याच हो, आपल्या ज्वारीच्या कण्या असतात ना तसल्याच, बहामा बेटांवर पिवळ्या मक्याच्या जास्त खातात. पाकीट नीट बघून घ्या, इन्स्टंट नको, आणि मक्याचं पीठ तर अजिबातच नको, त्याची नुसती खळ होते. जात्यावरच्या जाड कण्या मिळाल्या तर फारच छान, पण मग पाऊण तास धरून चला, पाकिटावर 'क्विक' लिहिलेल्या बारीक कण्या पाच-सात मिनिटांत होतात.

चौघांना 1 कप कण्या भरपूर. जाड असतील तर भांडंभर पाण्यात हाताने ढवळा, कोंडा वर तरंगतो तो अलगद ओतून द्या. बटर बाहेर काढून ठेवा, आणि इव्हॅपोरेटेड मिल्कचा, म्हणजे बिनसाखरेच्या आटवलेल्या दुधाचा डबा हवाच, कंडेन्स्ड नाही बरं का, त्यात साखर असते. बटाटे कापून पाण्यात, कांदा आणि सेलरी डब्यात. माशाला लिंबू, मीठ आणि गोट पेपर ही भयंकर तिखट मिरची मात्र सकाळीच लावा, रात्रभर लिंबात राहिला तर मासा भुसभुशीत होतो. मासा शक्यतो ग्रुपर, आपल्या हेकरूच्या जातकुळीतला, तिकडे डिसेंबर ते फेब्रुवारी नासाऊ ग्रुपर पकडायला बंदी असते तेव्हा स्नॅपर चालतो.

सकाळी जाड बुडाचं पातेलं घ्या, 4 कप पाणी, मीठ आधीच, उकळी आली की एका हाताने कण्या वैरायच्या आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, थांबलात की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. मग गॅस अगदी बारीक, झाकण अर्धवट, कारण रटरट शिजताना शिंतोडे उडतात आणि चटका जबर बसतो. शेजारी गरम पाण्याची किटली पाहिजेच, घट्ट वाटलं की थोडं थोडं घालता येतं. डब्यातलं अर्धा कप दूध आणि बटर शेवटी. चमच्यातून सावकाश ओघळले पाहिजेत, गोळा पडता कामा नये, ताटात ते अजून आळतात.

त्याआधी मासा शिजलेला हवा, ताटं मांडलेली हवीत, लिंबाच्या फोडी कापलेल्या हव्यात. ग्रिट्स वाढले की मध्ये खळगा करून त्यात माशाचा पातळ रस्सा ओता आणि लगेच खायला बसा. आणि हो, बसायच्या आधी पातेल्यात पाणी घालून ठेवा, वाळलं तर खरवडूनही निघत नाही.