संथ पत्रकारितेचा वृत्तलेख कसा तयार करावा

पूल कोसळला, ही बातमी पहिल्या तासातच लोकांपर्यंत पोहोचायला हवी आणि ती पोहोचवणाऱ्या बातमीदाराचे काम मोलाचेच आहे. मात्र तो पूल का कोसळला, याचे उत्तर त्या तासात कोणाहीकडे नसते. ते जुन्या कागदपत्रांत आणि माणसांच्या आठवणींत विखुरलेले असते, आणि ते वेचायला आठवडे, प्रसंगी महिने लागतात. घाई न करता असा शोध घेणारी पत्रकारिता, ती संथ पत्रकारिता. हा अवधी सत्कारणी लागावा, यासाठी कामाची पद्धत आधीच ठरवून घ्यावी लागते.

आरंभी विषयाऐवजी प्रश्न निश्चित करावा. ‘पुलांची दुरवस्था’ या विषयाला अंत नाही. ‘या पुलाची शेवटची तपासणी कोणी केली आणि तीत नोंदवलेल्या शेऱ्यांवर पुढे काय कार्यवाही झाली’ या प्रश्नाचे उत्तर मात्र शोधता येते.

त्यानंतर घटनांचा कालपट मांडावा. माझ्या मते या साऱ्या कामाचा कणा हाच आहे. प्रत्येक नोंदीत तारीख, घटना आणि ती माहिती कोठून मिळाली, या तिन्ही गोष्टी असाव्यात. निविदा, तपासणी अहवाल, देयके आणि पत्रव्यवहार असे एका ओळीत लावले, की सुट्या कागदात न दिसणारी विसंगती समोर येते: अहवालावरची सही ३ तारखेची आणि प्रत्यक्ष पाहणीची नोंद ९ तारखेची असेल, तर पुढची मुलाखत कोणाची घ्यायची हे आपोआप ठरते. ‘बॉस्टन ग्लोब’ या अमेरिकी दैनिकाच्या ‘स्पॉटलाइट’ या शोधपत्रकारांच्या चमूने, धर्मगुरूंनी केलेल्या मुलांच्या लैंगिक शोषणाचा शोध घेताना, चर्चच्या वार्षिक निर्देशिका वर्षानुवर्षांच्या क्रमाने तपासल्या आणि कोणते धर्मगुरू अचानक ‘आजारपणाच्या रजेवर’ गेले, कोणाची बदली झाली, याची नोंद केली. जानेवारी २००२ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्या वृत्तमालिकेला २००३ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. निर्देशिका तर कोणालाही पाहता येण्याजोग्या होत्या. त्या ओळीने वाचण्याची चिकाटी हवी होती.

माणसांकडे कॅमेऱ्यांची गर्दी ओसरल्यावर पुन्हा जावे. पहिल्या भेटीत धक्क्यात असलेला माणूस जे ऐकले तेही पाहिल्यासारखे सांगतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. दुसऱ्या भेटीत ‘हे तुम्ही स्वतः पाहिले का?’ असे शांतपणे विचारावे आणि उत्तरासाठी त्याला पुरेसा वेळ द्यावा.

दुजोरा मोजताना सावध राहावे. दोघांनी एकाच तिसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट सांगितली, तर स्रोत एकच धरावा. बॉस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांनंतर १७ एप्रिल २०१३ रोजी काही मोठ्या वृत्तसंस्थांनी संशयिताला अटक झाल्याचे वृत्त दिले; प्रत्यक्षात कोणालाही अटक झालेली नव्हती आणि वृत्त देण्यापूर्वी खातरजमा करा, असे आवाहन एफबीआयला करावे लागले.

ज्याच्यावर ठपका येणार आहे, त्याला मुद्देसूद प्रश्न लेखी पाठवावेत आणि खुलाशासाठी पुरेसे दिवस द्यावेत. छपाईच्या आदल्या संध्याकाळी फोन करून ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ असे छापणे अन्यायाचे आहे.

इतका वेळ संपादकांनी द्यावा कसा, ही अडचण खरी आहे. त्यासाठी टप्पे आखून द्यावेत आणि हाती काय लागले ते दर टप्प्याला दाखवावे. पनामा पेपर्सवर, म्हणजे पनामातील एका कायदा संस्थेतून फुटलेल्या, परदेशांत काढलेल्या कंपन्यांविषयीच्या सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवजांवर, अनेक देशांतील पत्रकारांनी वर्षभर गुप्तता पाळून काम केले, तेही प्रसिद्धीची तारीख मिळून ठरवून. ३ एप्रिल २०१६ रोजी सर्वांनी एकाच वेळी वृत्ते दिली. मुदत नसलेले काम रेंगाळते आणि बहुधा अपुरेच राहते.

मजकूर पूर्ण झाल्यावर या कामात सहभागी नसलेल्या सहकाऱ्याने तो ओळीओळीने वाचावा आणि प्रत्येक विधानापाशी ‘हे कशावरून?’ असे विचारावे. ज्या विधानाचा आधार कालपटात दाखवता येत नाही, ते कितीही परिणामकारक असले तरी वगळावे.