बोस्नियाचं बुरेक: पारी न फाडता

बुरेक म्हणजे पातळ पारीत सारण गुंडाळून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. बोस्नियाची राजधानी साराएव्होत ‘बुरेक’ मागितलं की फक्त मांसाचं मिळतं. चीजची ती सिर्नित्सा, बटाट्याची क्रोम्पिरुशा. सर्बियात मात्र चीज भरलेलंही बुरेकच. म्हणून पाककृती शोधताना ती कुठली आहे ते आधी बघा. ही बोस्नियाची.

500 ग्रॅम मैदा, 10 ग्रॅम मीठ आणि साधारण 300 मिली कोमट पाणी घालून दहा मिनिटं मळा. दोन गोळे करा, तेलात बुडतील इतके माखून 45 मिनिटं झाकून ठेवा. इथे घाई केली तर पारी फाटणारच; पीठ ताणल्यावर मागे येत असेल तर आणखी थांबा.

सारणासाठी 500 ग्रॅम बीफचा कच्चा खिमा (मटणाचाही चालतो), 250 ग्रॅम कांदा, मीठ, भरपूर मिरपूड. बाकी मसाला नको. कांदा सुरीनेच बारीक चिरा. किसला तर पाणी सुटतं आणि तळ लगदा होतो.

टेबलावर सुती कापड पसरा, त्यावर गोळा थोडा लाटा. मग हात पारीखाली घालून, त्याच्या पालथ्या बाजूने मधून कडेकडे ताणत न्या. खालच्या कापडाची नक्षी दिसली पाहिजे. जाड कडा कापून टाका, नाहीतर त्या कच्च्या राहतात. वर तेल शिंपडा, एका कडेला खिम्याची बोटभर जाड ओळ घाला आणि कापड उचलत गुंडाळी करा. हाताने गुंडाळू नका. तेल लावलेल्या ताटात मधून बाहेर वेटोळं घाला.

ओव्हनमध्ये 220 अंश सेल्सिअसवर 35 ते 40 मिनिटं, तांबूस होईपर्यंत भाजा. काढल्याबरोबर चार चमचे गरम पाण्यात लोणी वितळवून शिंपडा, दहा मिनिटं झाका. सोबत दही.