जलरंगात झाड: हिरवा कुठून आणायचा

झाडाचं चित्र बहुतेक वेळा हिरव्यातच फसतं. ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा लावला की झाड प्लास्टिकचं दिसतं. म्हणून ब्रश भिजवण्याआधी एक फांदी पाच मिनिटं नुसती बघा. उन्हात चमकणाऱ्या पानावर आभाळ उतरलेलं असतं, ते निळसर-पांढुरकं दिसतं. तेच पान आपल्या आणि सूर्याच्या मध्ये आलं की ऊन आरपार येतं, पान पिवळंजर्द होतं आणि शिरा गडद उठून दिसतात. आतल्या सावलीतली पानं करडी.

बसायचं सावलीतच. उन्हात कागद डोळ्यांवर चमकतो, लावलेला रंग फिका वाटतो, आपण गडद करत जातो आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं. कागद जाड, ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम) घ्या. पातळ कागद फुगतो, रंग खळग्यांत साचतो.

आधी ४बी पेन्सिलने काडेपेटीएवढी दोन-तीन स्केचेस. डोळे किलकिले करा, म्हणजे पानं विरघळतात आणि उजेड, मधला, गडद एवढेच टोन उरतात. कोपऱ्यात बाणाने उन्हाची दिशा टिपा. दोन तासांत सावल्या सरकतात. त्यांच्यामागे धावलात तर चित्रात दोन सूर्य होतात.

आता रंग. लेमन यलोमध्ये अल्ट्रामरीन ब्लू कणाकणाने मिसळा, उलटं नको; निळा पिवळ्याला लगेच गिळतो. फार भडक वाटलं तर बर्न्ट सिएनाचं, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचं, टोक लावा. सावलीसाठी निळा आणि सिएना वाढवा. काळा रंग नकोच, हिरवा मळतो. चकाकीला अगदी पातळ निळा, मधेमधे कोरा कागद.

फिक्यापासून गडदाकडे जा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा हवा त्याहून जरा गडद लावा. सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे वॉशची (पाणी घालून पसरलेल्या पातळ रंगाच्या थराची) चकाकी गेलेली, पण ओल शिल्लक. तेव्हा पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की पाणी रंगाला कडेला ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात. एक तर चकाकी असतानाच लावा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. बोटांची मागची बाजू टेकवून पाहा. कागद गार लागला तर तो अजून ओला आहे.

पानांमधून दिसणाऱ्या आभाळाच्या फटी सुरुवातीपासून राखा. मात्र त्या कोऱ्या पांढऱ्या ठेवल्या तर झाडाला भोकं पाडल्यासारखी वाटतात. बाहेरच्या आभाळापेक्षा किंचित गडद वॉश त्यांत भरला की त्या झाडाच्या मागे जातात.