वर्गीकरणशास्त्रात उतरण्यापूर्वी करावयाची तयारी

एम.एस्सी.चे शेवटचे वर्ष सुरू असताना किंवा ते नुकतेच संपल्यावर ज्यांनी वनस्पती, प्राणी किंवा बुरशी यांच्या वर्गीकरणाचे काम मनापासून करायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी ही तयारीची यादी आहे. ती महाराष्ट्रातील विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून केली आहे, कारण सह्याद्रीचा उत्तर भाग, कोकणातील जांभ्याचे सडे आणि दख्खनमधील नद्या येथे अजूनही नाव न मिळालेले जीव सापडत आहेत. आंबोलीजवळच्या हिरण्यकेशीच्या मंदिरकुंडातील शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी ते स्थळ जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. अशा बातम्यांमुळे तरुण या शास्त्राकडे वळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र पुढे पाठ्यवृत्ती, पद किंवा परदेशातील संग्रहात काम करण्याची संधी मिळताना विचार होतो तो एखाद्या गटाचा सबंध अभ्यास किती झाला आहे याचा, आणि एखाद्या सुट्या नव्या जातीच्या वर्णनाला त्या मानाने फारच कमी वजन असते. म्हणून खालील प्रत्येक गोष्ट एका गटाची संपूर्ण उजळणी, म्हणजे त्यातील सर्व जाती व नावे नव्याने तपासण्याचे काम, करता यावे, याच हेतूने सांगितली आहे.

सर्वांत आधी गट निश्चित करावा, आणि तो केवळ आवडीवर ठरवू नये. त्या गटाचा जाणकार देशात कोणी आहे का, त्याच्याशी पत्रव्यवहार करता येईल का, त्या गटाचे जुने प्ररूप नमुने (ज्यांच्याशी जातीचे नाव कायमचे जोडलेले असते ते नमुने) कोठे ठेवले आहेत, आणि पीएच.डी.च्या चार-पाच वर्षांत आवाक्यात येईल इतकीच त्या गटाची व्याप्ती आहे का, हे चार प्रश्न लिहून त्यांची उत्तरे शोधावीत. कंदीलपुष्पे आणि पाली हे गट देखणे आहेत, त्यांवर महाराष्ट्रात उत्तम काम झाले आहे आणि अजूनही होत आहे. पण त्यामुळेच नवोदिताला तेथे स्वतःची जागा मिळवणे अवघड जाते. याउलट मातीतील कोळीवर्गीय माइट, परजीवी गांधीलमाश्या, जमिनीवरच्या गोगलगायी, शेवाळी वनस्पती आणि पानांवरील सूक्ष्म बुरशी यांच्याकडे लक्ष देणारी माणसे फार थोडी आहेत. पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या खेकड्यांची घाटियाना ही प्रजाती (जीनस) २०१४ मध्ये प्रस्थापित झाली आणि त्यानंतर तिच्यात एकामागून एक जातींची भर पडत गेली, हे उदाहरण गट निवडताना अवश्य लक्षात ठेवावे.

गट ठरल्यावर त्याचे संपूर्ण जुने साहित्य गोळा करावे. या शास्त्रात दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचे लेखन कालबाह्य होत नाही, कारण नावाचा अग्रक्रम प्रकाशनाच्या तारखेवर ठरतो. सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास दख्खनमधील माशांची वर्णने प्रसिद्ध केली, आणि आज मुळा-मुठा किंवा भीमेच्या माशांवर काम करणाऱ्याला त्या नावांचा निकाल लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी मुंबई इलाख्यातून गोळा केलेल्या वनस्पतींचे महत्त्वाचे नमुने लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या संग्रहात आहेत. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर असे बरेचसे जुने साहित्य विनामूल्य वाचता येते आणि मोठ्या हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांच्या) संकेतस्थळांवर प्ररूपांची छायाचित्रेही मिळतात. प्रत्येक नावासाठी मूळ वर्णन, प्ररूप नमुना, तो ठेवल्याचे ठिकाण आणि मूळ स्थान अशा स्तंभांचा तक्ता पहिल्या सहा महिन्यांत पूर्ण करावा. त्याबरोबरच नामकरणाची संहिता मुळातून वाचावी. प्राण्यांसाठी १ जानेवारी २००० पासून अमलात असलेली चौथी आवृत्ती आणि इलेक्ट्रॉनिक प्रकाशन व झूबँक या प्राणिनामांच्या नोंदणीकोशातील नोंदणी यांसंबंधीची २०१२ ची दुरुस्ती पाहावी. वनस्पती, शैवाल व बुरशी यांच्यासाठी २०२४ च्या माद्रिद येथील वनस्पतिशास्त्र परिषदेनंतरची संहिता पाहावी. बुरशीच्या नव्या नावाला २०१३ पासून मान्य नोंदणीकोशातील क्रमांक बंधनकारक आहे. मार्गदर्शक सांगतील तेवढेच नियम पाळायचे असे ठरवणाऱ्याचे नाव पुढे कधीतरी अवैध ठरू शकते, आणि मग ती दुरुस्ती दुसऱ्यालाच करावी लागते.

संग्रहालयात बसण्याची सवय विद्यार्थिदशेतच लावून घ्यावी. याबाबतीत महाराष्ट्राइतकी सोय देशात फार थोड्या ठिकाणी आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे आणि आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत वनस्पतींच्या हर्बेरियमबरोबर बुरशीचे हर्बेरियम आणि राष्ट्रीय बुरशी संवर्ध (प्रयोगशाळेत वाढवून जिवंत ठेवलेल्या बुरशींचा) संग्रह आहे, तर राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राशी जोडलेल्या संग्रहात जिवाणूंचे संवर्ध जतन केले जातात. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे ब्लॅटर हर्बेरियम आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संग्रह आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागाची वर्गीकरणाची परंपरा सर्वश्रुत आहे. यांपैकी एका ठिकाणी उन्हाळ्याच्या सुट्टीत किमान महिनाभर काम करण्यासाठी विभागप्रमुखांच्या शिफारसपत्रासह अर्ज करावा, आणि अर्जात ‘प्रशिक्षण हवे आहे’ एवढेच न लिहिता कोणत्या कुलाचे किंवा गणाचे नमुने पाहायचे आहेत हे नेमके लिहावे. तेथे शीटची दुरुस्ती, लेबल वाचणे, बाटल्यांतील अल्कोहोल बदलणे अशी कामे आनंदाने करावीत. जुन्या लेबलांवरील हस्ताक्षर आणि गावांची बदललेली नावे ओळखता येणे हे कौशल्य याच कामातून येते आणि दुसरीकडे कोठेही शिकवले जात नाही.

परवानग्यांची तयारी वेगळी फाइल करून ठेवावी आणि पावसाळ्यात नमुने गोळा करायचे असतील तर तिची सुरुवात आदल्या हिवाळ्यात करावी. अभयारण्यात संशोधनासाठी प्रवेश घ्यायचा असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ अन्वये परवाना लागतो आणि अनुसूचीत असलेल्या प्राण्याचा नमुना घ्यायचा असेल तर कलम १२ लागू होते. २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्याच्या अनुसूचींची पूर्ण फेरमांडणी झाली असल्याने जुन्या प्रबंधातील यादीवर विसंबू नये. अर्जाला संस्थेचे पत्र, प्रकल्पाचा गोषवारा, नमुन्यांची नेमकी संख्या, ठिकाणांचा नकाशा आणि नमुने शेवटी कोठे जमा होतील याची हमी जोडावी. संख्या लिहिताना संकोचून फार कमी लिहू नये आणि ‘आवश्यकतेनुसार’ असेही लिहू नये, कारण अशा अर्जांवर प्रश्नांची पत्रे येत राहतात आणि हंगाम हातचा जातो.

जैवविविधता अधिनियम, २००२ तर प्रत्येक वर्गीकरणतज्ज्ञाने वाचलाच पाहिजे. त्याच्या कलम ३९ नुसार नवा वर्गीकरणगट सापडल्यास त्याची माहिती नियुक्त संग्रहसंस्थेला देणे आणि त्याचा व्हाउचर नमुना (पुरावा म्हणून जतन करायचा नमुना) तेथे जमा करणे बंधनकारक आहे. नमुना किंवा ऊतक परदेशी पाठवायचे झाल्यास चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पूर्ण करावी लागते, म्हणून सहकार्याचे आश्वासन देण्यापूर्वी हे काम येथेच करता येईल का याचा विचार करावा. जर्मनी, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात पीएच.डी. करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. कलम ३ नुसार अनिवासी भारतीय नागरिकालाही संशोधनासाठी येथील जैविक संसाधने घेण्यापूर्वी प्राधिकरणाची मान्यता आवश्यक असते. सुट्टीत गावी येऊन आपल्याच शेताच्या बांधावरून नमुने नेणे निरुपद्रवी वाटले तरी ते नियमाला धरून होत नाही, आणि अशा नमुन्यांवरील निबंध चांगली नियतकालिके स्वीकारत नाहीत.

क्षेत्रकामासाठीचे सामान साधे असते, परंतु त्यातील प्रत्येक वस्तूमागे कारण आहे. डीएनएसाठी ऊतक शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवावे आणि फॉर्मलीनमध्ये टाकण्याआधीच वेगळे काढावे, कारण फॉर्मलीनमुळे डीएनए खराब होतो. पानांचे तुकडे सिलिका जेलमध्ये वाळवावेत. वर्तमानपत्रे, प्रेस, टॅग, पेन्सिल, जीपीएस आणि न भिजणारी वही नेहमी बरोबर असावी. फुलाचा रंग, वास, झाडाची उंची, बेडकाचा आवाज, खेकड्याचा जिवंतपणीचा रंग यांची नोंद जागेवरच करावी, कारण शीटवर किंवा बाटलीत यातले काहीही टिकत नाही. स्थानिक नाव आणि ते सांगणाऱ्या गावाचे नावही लिहावे. संध्याकाळी मुक्कामावर आल्यावर, कितीही थकवा असला तरी, त्या दिवसाचे लेबल त्याच दिवशी लिहावे. नोंदींचा तक्ता सुरुवातीपासून डार्विन कोअर या प्रमाणित स्तंभांमध्ये ठेवल्यास पुढे जीबीआयएफसारख्या जागतिक साठ्यात तो सहज जातो आणि नकाशेही चटकन तयार होतात.

प्रयोगशाळेत विच्छेदन, मोजमाप, सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्रण आणि रेखाचित्र ही चार कामे हाताला बसली पाहिजेत. रेखाचित्राकडे आजकाल दुर्लक्ष होते, याचे वाईट वाटते. कीटकांची जननेंद्रिये किंवा गवताच्या कणिशकाचे भाग स्वच्छ रेषेत दाखवू शकणाऱ्या संशोधकाला सहलेखक म्हणून बोलावणी येतात. रेण्वीय पद्धती टाळता येणार नाहीत. प्राण्यांमध्ये सीओआय, वनस्पतींमध्ये आरबीसीएल व मॅटके, बुरशीत आयटीएस या डीएनए-खंडांपासून सुरुवात होते आणि पुढे वंशवृक्षासाठी आयक्यू-ट्री किंवा मिस्टर बेज हे सॉफ्टवेअर वापरले जाते. काटकसरीच्या तत्त्वावरील, म्हणजे कमीत कमी बदल गृहीत धरणारा वंशवृक्ष निवडणाऱ्या, विश्लेषणासाठीचे टीएनटी हे सॉफ्टवेअर विली हेनिग सोसायटीच्या साहाय्यामुळे विनामूल्य मिळते. आर ही संगणकभाषा आणि क्यूजीआयएस हे नकाशांचे साधन पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात शिकून घ्यावे.

पाठ्यवृत्तीच्या परीक्षांना वेगळा वेळ द्यावा. सीएसआयआर-यूजीसी नेटच्या निकालात आता जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती), सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश अशा तीन पायऱ्या आहेत. जेआरएफची मासिक रक्कम १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये आहे. गेटमध्ये जीवविज्ञानाबरोबर परिस्थितिकी व उत्क्रांती हा स्वतंत्र विषय आहे आणि वर्गीकरणाच्या विद्यार्थ्याला तो अधिक जवळचा वाटेल. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती निघाल्यावर धावपळ होऊ नये म्हणून जात वैधता प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेयर, अधिवास आणि पीएच.डी. नोंदणीचे पत्र आधीच तयार ठेवावे. हा भाग कंटाळवाणा असला तरी चांगल्या उमेदवारांची वर्षे येथेच वाया जातात.

लहान अनुदानांकडे नवोदितांचे पुरेसे लक्ष नाही. क्षेत्रकामासाठी रफर्ड फाउंडेशन, वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी आंतरराष्ट्रीय वनस्पती वर्गीकरण संघटनेची म्हणजे आयएपीटीची अनुदाने, आणि प्राण्यांच्या कमी अभ्यासलेल्या गटांचे नमुने पाहण्यासाठी हार्वर्डच्या तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालयाकडून मिळणारे अर्न्स्ट मायर प्रवास अनुदान, हे तीन मार्ग प्रत्येकाने पाहावेत. यांच्या अर्जात ‘कोणत्या संग्रहातील कोणते प्ररूप पाहायचे आहेत आणि त्यावरून कोणता प्रश्न सुटेल’ हे एका परिच्छेदात सांगता आले पाहिजे. वर सांगितलेला नावांचा तक्ता येथेच उपयोगी पडतो. वंशवृक्षाच्या विश्लेषणासाठी अमेरिकेत वुड्स होल येथे रेण्वीय उत्क्रांतीची प्रसिद्ध कार्यशाळा भरते. देशात भारतीय आवृतबीजी वर्गीकरण संघटनेची अधिवेशने तरुणांना ज्येष्ठांसमोर काम मांडण्याची चांगली जागा देतात आणि त्या संघटनेचे ऱ्हीडिया हे नियतकालिक पहिल्या निबंधासाठी योग्य आहे. प्राण्यांसाठी जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा लेखकाकडून शुल्क न घेता सर्वांना खुले वाचन देते. पैसे घेऊन आठवड्याभरात निबंध छापून देणाऱ्यांपासून दूर राहावे, कारण तेथे छापलेले नवे नाव इतरांना कायमचे निस्तरत बसावे लागते.

नोकरीचा विचार पीएच.डी. संपण्याच्या दोन वर्षे आधी सुरू करावा. दोन्ही सर्वेक्षण संस्थांतील शास्त्रीय पदे केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात, तेव्हा वयोमर्यादा आणि अनुभवाच्या अटी आयोगाच्या जाहिरातीतूनच तपासाव्यात. कृषी संशोधन सेवेची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कीटकतज्ज्ञासाठी बंगळुरूचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आणि मत्स्यतज्ज्ञासाठी लखनौचा मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो या जागा आहेत. वनस्पती किंवा कीटकाची ओळख पटवण्याचे कौशल्य आयुर्वेदिक कच्च्या मालाच्या तपासणीत, पिकांच्या किडींच्या विलगीकरण सेवेत आणि पर्यावरणीय आघात मूल्यमापनात लागते. या कामांना कमी लेखू नये. मात्र तेथे गोळा केलेले नमुने संग्रहात जमा करता येतील, अशी अट करारात लिहून घ्यावी. महाविद्यालयात प्राध्यापक होणाऱ्याने तर रुजू होतानाच विभागाच्या हर्बेरियमची किंवा प्राणिसंग्रहाची सद्यःस्थिती लेखी नोंदवावी, संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत त्याचे संकेताक्षर आहे का ते पाहावे, आणि स्वतःचे प्ररूप मात्र तापमान व आर्द्रता सांभाळणाऱ्या, कायम कर्मचारी असलेल्या राष्ट्रीय संग्रहातच ठेवावेत. प्रबंध सादर करण्यापूर्वी प्रत्येक नमुन्याला संग्रहक्रमांक मिळाला आहे आणि तो निबंधातील क्रमांकाशी जुळतो आहे, याची मार्गदर्शकांसमवेत एकदा ओळीने तपासणी करावी आणि जमा केल्याची पावती परवानग्यांच्या फाइलमध्येच लावून ठेवावी.